व्हॉइस-ओव्हर आहे, चित्र नाही

पत्र

मी एका मराठी वृत्तवाहिनीत चौदा वर्षं रिपोर्टर आहे. फील्डवर असताना मोबाइलच्या नोट्समध्ये चार-सहा ओळींचं काहीबाही लिहीत आले. त्याला कविता म्हणायला मी धजत नाही. त्यातलं थोडं सोशल मीडियावर टाकलं, लोकांना आवडलं, एकदोन दिवाळी अंकांनी मागूनही घेतलं. त्या भरवशावर गेल्या वर्षी कादंबरीला हात घातला. विषय 2019 चा सांगलीचा पूर. तो मी बारा दिवस कव्हर केला होता. साठ पानं झाली आणि गाडी रुतली. नवऱ्याला वाचायला दिली तर म्हणाला, ‘छान आहे, पण तुझा बातमीतला आवाज ऐकू येतो.’

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. घर गेलेल्या एका बाईंची मुलाखत घेतली होती. त्या रडत रडत सगळं बोलल्या आणि मग कळलं की ऑडिओच आलेला नाही. मी त्यांना परत पहिल्यापासून सांगायला लावलं. कादंबरीतली सुमन म्हणजे त्याच. त्यांच्यावर लिहायचा मला हक्क आहे का? आणि नोकरी सोडल्याशिवाय कादंबरी होत नाही म्हणतात, ते खरं का? सोबत बावीस स्फुटं आणि पहिली साठ पानं जोडते आहे. कृपया नाव छापू नये.

उत्तर

तुमची बावीस स्फुटं मी एका बैठकीत वाचली आणि साठ पानांना मला चार दिवस लागले. निम्मं उत्तर यातच आलं, पण ते तुम्हालाही ठाऊक असणार, नाहीतर पत्र कशाला लिहिलं असतंत.

आधी सातवं स्फुट इथे उतरवते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल मी कशाबद्दल बोलते आहे.

पूर ओसरला.
भिंतीवर पाण्याची रेघ राहिली.
बाईने पोराला रेघेशी उभं केलं,
उंची मोजली.

हे वाचून मी कागद खाली ठेवला आणि जरा वेळ दुसरं काही केलं नाही. यात एक विशेषण नाही. दुःख, वेदना, हानी यातला एक शब्द नाही. पोराच्या डोक्यावरून किती पाणी गेलं असतं हे तुम्ही सांगितलेलं नाही, ते हिशोब करून मला कळलं, आणि हिशोब मीच केल्यामुळे जास्त लागलं.

आता साठ पानांतलं पान 4:

‘कृष्णामाईने रौद्र रूप धारण केलं होतं. क्षणार्धात होत्याचं नव्हतं झालं. शेकडो संसार उघड्यावर आले. सुमनच्या डोळ्यांतले अश्रू आटले होते. एकीकडे निसर्गाचा कोप, तर दुसरीकडे प्रशासनाची अनास्था, अशा कात्रीत ती सापडली होती.’

दोन्ही एकाच बाईने लिहिलंय यावर विश्वास बसत नाही. आणि तरी ‘हे वाईट लिहिलंय’ असं मी म्हणणार नाही. हा मजकूर आपल्या जागी अगदी बरोबर होता. फक्त त्याची जागा टीव्हीवर होती. तिथे या पाच वाक्यांखाली काय काय चालू असतं ते आठवा. ‘रौद्र रूप’वर ड्रोनचा शॉट, तपकिरी पाणी आणि त्यातून वर आलेली छपरं. ‘होत्याचं नव्हतं’वर घराच्या दारातून वाहत बाहेर येणारा गॅसचा सिलिंडर. ‘अश्रू आटले’वर त्या बाईंचा चेहरा, क्लोज-अप, तीन सेकंद. प्रेक्षक बघतो ते चित्र. तुमचं वाक्य त्याला फक्त धरून ठेवतं, पुढच्या शॉटपर्यंत नेतं. टीव्हीसाठी लिहायला शिकवताना पहिल्याच आठवड्यात सांगतात ना, की जे दिसतंय ते बोलू नका? चौदा वर्षं तुम्ही ते इमानाने पाळलंत. दिसणारं सगळं कॅमेरामनवर सोडून त्याच्या भोवतीचं बोलत राहिलात.

कादंबरीत कॅमेरामन नाही. तुम्ही अजूनही भोवतीचंच बोलताय आणि मधली जागा रिकामी आहे. साठ पानं व्हॉइस-ओव्हर आहे, म्हणजे चित्रामागून येणारा आवाज, व्हिज्युअल कुठेच नाही. नवऱ्याला तुमचा आवाज ऐकू आला तो यामुळे. त्यांचा कान चांगला आहे, पुढचा खर्डाही त्यांनाच दाखवा.

स्फुटांमध्ये हे होत नाही, कारण ती तुम्ही नोट्समध्ये लिहिता, चित्र मिळणार नाही हे धरून. तिथे तुम्हीच कॅमेरा असता. म्हणजे कला तुमच्याकडे नाही असं नाही. ‘आता मी कादंबरी लिहिते आहे’ म्हणून ताठ बसलात की हात आपोआप पॅकेज, म्हणजे टीव्हीची बातमी, लिहायला लागतो, एवढंच झालंय.

उपाय सांगते तो तुमच्याच धंद्यातला आहे. पान 4 वरचा प्रसंग परत लिहायच्या आधी त्याची शॉट लिस्ट काढा. एडिटला बसताना काढता तशी. काय दिसलं, कुठून दिसलं, किती वेळ दिसलं. मग व्हॉइस-ओव्हरची सगळी वाक्यं खोडा आणि नुसत्या शॉट लिस्टवरून प्रसंग लिहा. तो कोरडा होईल, होऊ द्या. दुसऱ्या फेरीत कॅमेऱ्याला जे घेताच येत नाही तेवढंच त्यात घाला. कॅमेऱ्याला वास घेता येत नाही. वजन तर मुळीच घेता येत नाही. पुरात भिजलेली कापसाची गादी टीव्हीवर गादीसारखीच दिसते, पण ती दोघांना उचलत नाही आणि ओढली तर खोळ फाटून काळा कापूस हातात येतो, हे पडद्यावरून कुणाला कळणार? रेशन कार्डाची पानं एकमेकांना चिकटलेली असतात. ती सोलताना शिक्का या पानावर राहील का त्या, हे बघत बाई श्वास धरून बसते. हे शॉटमध्ये ‘कागदपत्रं खराब’ म्हणून दोन सेकंदांत निघून जातं. कादंबरीत त्याला पानभर जागा आहे.

तुम्हाला हे जमतं याचा पुरावा पान 23 वर आहे. युनिट सुमनच्या दारात येतं, घरात घोटाभर चिखल, आणि कॅमेरामन उंबऱ्यापाशी अडतो: चप्पल काढू की नको? सुमन म्हणते, ‘राहू दे, या तसंच.’ आणि मग तिचं तिलाच ओशाळल्यासारखं होतं. साठ पानांत मला पूर तिथे पहिल्यांदा दिसला. पाच ओळी आहेत. त्यानंतर लगेच परिच्छेद सुरू होतो, ‘पुराने जणू माणसांच्या आयुष्यातली शिस्तच वाहून नेली होती.’ का हो? चपलेने ते सांगून झालं होतं की.

हा तुमचा जुना आजार आहे आणि तो स्फुटांतही शिरलाय, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. बावीसपैकी नऊ स्फुटांची शेवटची ओळ पीटीसीच्या (पीस टू कॅमेराच्या) शेवटच्या वाक्यासारखी आहे. रिपोर्टर कॅमेऱ्याकडे दोन पावलं चालत येतो आणि सगळ्याचं तात्पर्य सांगतो, तसं. अकरावं घ्या. छावणीत म्हातारा दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचतो आहे, त्याला अक्षरं दिसत नाहीत, तरी पानं उलटतो आहे. इथपर्यंत सुरेख. मग शेवटची ओळ: ‘माणुसकी मात्र कुठेच छापून आली नव्हती.’ ती ओळ काढा. म्हाताऱ्याला पान उलटताना सोडून द्या. आणि कादंबरीच्या पाचपैकी तीन प्रकरणांचा शेवट ‘आता सुमनच्या नशिबात काय वाढून ठेवलं होतं, हे काळच ठरवणार होता’ या चालीवर आहे. हे ‘पाहणं महत्त्वाचं ठरणार आहे’चंच थोरलं भावंड. फक्त कॅमेरामनचं आणि शहराचं नाव सांगायचं राहिलंय.

छोट्या लिखाणात शेवट कसा गिळायचा हे शिकायचं असेल तर एका बातमीवाल्याकडेच जा. फेलिक्स फेनेऑं या फ्रेंच माणसाने 1906 साली पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकात काही महिने तीन-तीन ओळींच्या बातम्या लिहिल्या. अपघात, चोऱ्या, आत्महत्या, संप. नावाशिवाय छापल्या जायच्या. हजारावर झाल्या. तुमच्या पडद्याखालची टिकरची पट्टी डोळ्यांसमोर आणा, जवळपास तेवढीच जागा. नाव, गाव, घटना अशी बातमीची माहिती त्याने दिली. शब्दांचा क्रम मात्र असा लावला की तिसऱ्या ओळीत काळजात कळ यावी किंवा नको तिथे हसू यावं, आणि स्वतःचं मत कुठेही दिलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर त्या पुस्तकरूपाने आल्या आणि आज लोक त्या साहित्य म्हणून वाचतात. शिरीष पै यांनी मराठीत तीन ओळींचा हायकू रुजवला, त्याही ‘मराठा’ दैनिकात काम करत होत्या. रोज इतके शब्द सांडताना पाहणाऱ्या माणसाला कमी शब्दांची ओढ लागत असावी. हा आपला माझा अंदाज.

टीव्हीवाल्यांचं उदाहरण हवं असेल तर रवीश कुमार आहेत. तेव्हा हिंदी वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत रोज बसून बोलणाऱ्या या माणसाने फेसबुकवर दिल्लीतल्या प्रेमाच्या इवल्या गोष्टी लिहिल्या, ‘लप्रेक’ म्हणजे लघु प्रेम कथा या नावाने, आणि 2015 मध्ये त्यांचं पुस्तक झालं. ते वाचाच, पण एक गोष्ट लक्षात घेऊन. त्यांनी त्या तुकड्यांना शिवण घालून कादंबरी करायचा अट्टहास केला नाही. तुकडे तुकडेच राहिले आणि शहर त्यांच्या मधल्या फटींत आलं.

हे सांगायचं कारण तुमचं दुसरं प्रकरण. तिथे तुम्ही सहा स्फुटं गद्यात पसरवून एकापुढे एक मांडली आहेत. मला ती ओळखू आली, कारण दर दीड पानाने वाक्य एकदम चमकतं आणि मग परत मंद होतं. स्फुट म्हणजे कादंबरीची वीट असा तुमचा समज दिसतो. तसं नसतं. पोराची उंची मोजली, स्फुट संपलं. कादंबरीला लगेच पुढचे प्रश्न पडतात. पोराने विचारलं का, की हे काय करतेस? ती रेघ पुढे रंगाखाली गेली की तशीच ठेवली? दिवाळीत भिंतीला चुना लावताना नवरा-बायकोत त्यावरून वाजलं का? चार ओळी ताणून चाळीस पानं होत नाहीत, पण चार ओळींना प्रश्न विचारून होऊ शकतात. स्फुटांचं वेगळं पुस्तक करा. बावीसची साठ होऊ द्या, त्यातली वीस फेका. कादंबरीत त्यातलं एकसुद्धा घालू नका, ही अट मी तुम्हाला घालते आहे. नंतर मोडलीत तर हरकत नाही.

आता माणसांचं बोलणं. सुमन तोंड उघडते तेव्हा बाइट देते. ‘आमचं सगळं गेलं हो, आता कुणाच्या तोंडाकडं बघायचं?’ बारा सेकंद, सुरुवात आणि शेवट असलेलं, एडिटरने दोन्हीकडून कापलेलं वाक्य. खरं आहे ते, लोक असं बोलतात. पण कधी बोलतात? समोर बूम (वाहिनीचा माइक) आल्यावर. तुमच्याकडे त्या बारा सेकंदांच्या आजूबाजूचं अर्ध्या तासाचं रॉ, म्हणजे न कापलेलं फुटेज, असायचं ते आठवा. ‘इकडं बघू का तिकडं?’ ‘नाव पूर्ण सांगू?’ ‘आजच दाखवणार काय? इचलकरंजीला बहीण असते माझी.’ मध्येच पोराला ‘गप की रं’. मग जावेबद्दल एक तक्रार, जिचा पुराशी काही संबंध नाही. एडिटमध्ये हे सगळं उडतं. तुमची माणसं या उडवलेल्या भागात राहतात. साठ पानांत जावेचा एकदाही उल्लेख नाही, पूर आला म्हणून घरातली भांडणं थांबली असतील यावर माझा विश्वास नाही.

माझंही एक सांगते. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हा मीही कादंबरी लिहिली. संप, गिरणी, मोर्चे, सगळं अचूक, तारखा तपासलेल्या. एका वडीलधाऱ्या संपादकांना वाचायला दिली. त्यांनी परत केली तेव्हा वर पेन्सिलीने एवढंच होतं: ‘पान 140 पर्यंत कुणालाही भूक लागलेली नाही.’ मला इतका राग आला की ते पान मी फाडलं. नंतर चिकटवलं. कादंबरी काही छापली नाही, पण तेव्हापासून दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचताना मी तेच शोधत असते. तुमच्या साठ पानांत बारा दिवस पाऊस आहे आणि एकाही माणसाला लघवीला जायची अडचण आलेली नाही. बाई रिपोर्टर असून तुम्ही हे विसरलात?

गोष्ट कुठून सुरू करायची, हेही बदला असं वाटतं. तुमची सुरुवात सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासून आहे: पाण्याची पातळी 40 फूट इशारा, 45 फूट धोका, आणि मग ती 57 च्या वर. बातमीत बरोबर. पण बातमी सगळ्यात मोठ्या आकड्यापासून सुरू होते आणि गोष्ट बहुतेकदा एखाद्या साध्या माणसाच्या साध्या कामापासून. 30 जुलै 2014 ची माळीणची सकाळ आठवते? आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं, आणि बाहेर पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला त्या रस्त्याने गेला आणि गाव जागेवर नव्हतं. त्या दिवशी आपण सगळ्यांनी मथळ्यात मृतांचा आकडा शोधला. मला मात्र अजूनही तो चालक सुटत नाही. रोज जिथे गाडीचा वेग कमी करायचा, तिथे पाय सवयीने ब्रेकवर गेला असेल का? त्याच्या घरच्यांना, त्या चालकाला मी ओळखत नाही, मी त्याच्यावर लिहिणार नाही. पण तुमच्या पुरात असा पाय ब्रेकवर गेलेला कोण आहे, तो शोधा. पातळीचे फूट मागाहून येतील.

आणि पूर संपतो कधी? तुमचं युनिट बाराव्या दिवशी परतलं आणि कादंबरीचा आराखडा पाहिला तर तीही बाराव्या दिवशी संपते. आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण करून माणसं कामाला लागतात. सुमनचा तेरावा दिवस कुठे आहे? पंचनामा, मदतीच्या यादीतलं चुकलेलं नाव, शाळेचा वास, नव्या गॅस शेगडीवर नवऱ्याने केलेली कुरबुर. कॅमेरे गेल्यावर उरलेली बाई कशी बोलते? तुम्हाला हे ठाऊक नसेल तर सांगलीला जाऊन या. बूम न घेता. कदाचित तुम्हाला कुणी ओळखेल, कदाचित रागावेल. दोन्ही चालेल.

अरुण साधूंचं नाव घ्यायला हवं, कारण ‘पत्रकाराने कादंबरी कशी लिहावी’ या प्रश्नावर मराठीत तेवढं जवळचं उदाहरण मला सापडत नाही. साधू नोकरी करणारे पत्रकार होते. ‘सिंहासन’ 1977 ची. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन्हींवरून जब्बार पटेलांनी 1979 मध्ये चित्रपट काढला, तो तुम्ही पाहिला असेलच. त्यातला दिगू टिपणीस आठवा. पत्रकार आहे, मंत्रालयाची खडान्‌खडा माहिती त्याला आहे, आणि त्या माहितीचा त्याला काडीचा उपयोग नाही. साधूंनी रिपोर्टरला नायक करून त्याच्या हातून जगाला न्याय मिळवून दिला नाही. तुमच्या पाचव्या प्रकरणात मात्र ‘रिपोर्टर वैदेही’ येते आणि तिच्या बातमीमुळे सुमनला मदत मिळते. माझी खात्री आहे, खऱ्यात असं झालेलं नाही. झालं असतं तर तुम्ही पत्रात लिहिलं असतंत.

इथे मी तुमच्या त्या लाजेपाशी येते.

हक्काचं आधी कायद्याने सांगते, म्हणजे ते बाजूला होईल. नाव बदललं म्हणजे सुटलो, असं नसतं. गाव, धंदा, घरातली माणसं, घटनेचा दिवस यावरून शेजारपाजारचे ओळखत असतील आणि तुम्ही त्या बाईंच्या माथी काही भलतंसलतं मारलं असेल, तर बदनामीचा मामला होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 356, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. चौथ्या प्रकरणात छावणीतल्या अल्पवयीन मुलीचं उपकथानक आहे. ते खऱ्या घटनेवरून घेतलं असेल तर तिथे फार जपा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे (कलम 72), आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कलम 23 आहेच. रिपोर्टर म्हणून तुम्हाला हे पाठ आहे, कादंबरीकार म्हणून विसरायला होतं. मी तर म्हणेन ते उपकथानक काढाच. ते तिथे प्रकरण ‘जड’ करायला आणलंय, आणि मुलगी दोन पानांत परत दिसेनाशी होते.

वाहिनीसोबतचा करारही एकदा वाचून घ्या. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचं असतं. तुमची पॅकेजेस, फुटेज, स्क्रिप्ट वाहिनीची. ती जशीच्या तशी उचलू नका. घरी स्वतःच्या वेळात लिहिलेली कादंबरी हा नोकरीचा भाग नव्हे, पण ‘बाहेरचं लेखन परवानगीशिवाय करणार नाही’ असं कलम काही करारांत असतं. एक ईमेल करून परवानगी घेऊन ठेवा. आठवण मात्र तुमची आहे. तिच्यावर कुणाचा लोगो नाही.

कायदा झाला. लाज उरली, आणि ती कायद्याने जात नाही. तुम्ही विचारताय, त्या बाईंवर लिहायचा हक्क आहे का. मला वाटतं तुम्ही त्यांच्यावर लिहूच नये. त्यांचं पोटातलं तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून तर पान 4 वर ‘अश्रू आटले’ आलं. तुम्हाला ठाऊक आहे ते उंबऱ्याच्या अलीकडचं: कॅमेरामन मॉनिटरकडे बघतोय, हेडफोन काढतो, मान हलवतो. आवाज नाही. चार वाजताच्या बुलेटिनला फीड (चित्रण) पाठवायची आहे. असाइनमेंट डेस्कचा तिसरा फोन येऊन गेलाय. समोर बाई पदराने तोंड पुसतेय, तिला वाटतंय झालं. आणि तुम्हाला म्हणायचं आहे, ‘मावशी, परत एकदा सांगता का?’

सुमनला कादंबरीच्या मध्यावरून उचला आणि वैदेहीला तिथे बसवा. पण आत्ताची वैदेही नको. ती फार चांगली आहे. ही दुसरी, जी बॅटरी बदलायला सांगते आणि मनातल्या मनात वेळ मोजते. बाई दिसेल ती हिच्या नजरेतून, म्हणजे अर्धवट दिसेल. दिसू द्या. जे वैदेहीला कळलं नाही ते कादंबरीलाही कळलं नाही तरी चालतं, वाचकाला कळतं. त्या बाईंची खरी ओळख आपोआप झाकली जाईल हा त्यातला फायदा. आणि ‘मी कुणाच्या दुःखावर पुस्तक केलं’ ही टोचणी राहीलच, पण ती मग पुस्तकाच्या आत असेल, तुमच्या उशाशी नाही.

नोकरी सोडू नका. इंग्लिश कादंबरीकार फ्रेडरिक फोर्साइथ यांनी ‘द डे ऑफ द जॅकल’ 35 दिवसांत लिहिली असं सगळे सांगतात. तेव्हा ते बेकार होते हेही सांगतात. पण 1962 मध्ये ते रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी पॅरिसला होते, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावरचे हल्ले तेव्हा चालू होते (कादंबरी त्यांच्याच हत्येच्या कटाची आहे), आणि पुस्तक आलं 1971 ला. त्या 35 दिवसांच्या पाठीशी तेवढी वर्षं मुरलेली होती. तुमचाही पूर बऱ्यापैकी मुरलाय, घाईचं कारण नाही. फक्त शिफ्ट संपल्यावर लिहू नका. नऊ-दहा तास कानावर पडलेली भाषा तोंडात बसलेली असते आणि रात्री अकराला माणूस ‘रौद्र रूप’च लिहितो. शिफ्टच्या आधी लिहा, टीव्ही लावायच्या आधी, फोनवरचे ग्रुप उघडायच्या आधी. अर्धा तास पुरे. ब्रेकिंग आली तर त्या दिवशी सोडून द्या.

प्रकाशकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा चेहरा ओळखीचा आहे म्हणून कुणीतरी ही साठ पानं ‘लवकर पूर्ण करा, मेळाव्याला काढू’ म्हणून मागेल. देऊ नका.

एक गोष्ट मला पत्र वाचल्यापासून राहून राहून वाटते आहे. तुम्ही लिहिलंय, त्यांना परत पहिल्यापासून सांगायला लावलं. पण दुसऱ्या वेळी त्या काय बोलल्या, ते कुठेच लिहिलेलं नाही. पत्रातही नाही, साठ पानांतही नाही. तसंच बोलल्या का? रडल्या का? पहिल्या वेळी सांगितलेलं काही या वेळी गाळलं का, किंवा बूमकडे बघून काही नवीन घातलं? टीव्हीवर गेला तो दुसरा टेक. पहिला ऐकणारी माणसं जगात दोनच, तुम्ही आणि तुमचा कॅमेरामन. कॅमेरामनला आज फोन करा आणि विचारा त्याला काय आठवतंय. दोघांचं जुळलं नाही तर जिथे जुळत नाही तिथून लिहायला घ्या.